तीन पाण्यांतून काढलेले दात

३ मार्च, सोमवार

आजपासून भिंगरी माझ्या ताब्यात. सूनबाई सकाळी साडेसातला कामावर गेली. जाताना दोनदा दारातून परत आली. एकदा डबा विसरला म्हणून, आणि दुसऱ्यांदा काहीच विसरलं नव्हतं. मी म्हटलं, "जा आता. तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलाय, जिवंत आहे अजून." ती हसली नाही.

भिंगरी म्हणजे माझी नात, साडेतीन वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. मुलगा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. पूल नेहमी लांबच असतात, त्यामुळे तो तीन-तीन महिन्यांनी उगवतो. सूनबाई बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. सगळ्या गाड्यांच्या वेळा तिला पाठ आहेत, फक्त स्वतः घरी कधी पोचणार ते विचारू नये. आठ तरी वाजतातच.

तिने फ्रिजवर एक वही लटकवली आहे, पेन दोरीने बांधून. जणू पेन चोरून मी पळणार आहे. आत रकाने पाडलेत. काय खाल्लं, किती झोपली, शी झाली का, आणि शेवटी दात, सकाळ-संध्याकाळ. दात घासले की बरोबरची खूण करायची.

त्या वहीत जे लिहिता येणार नाही ते लिहायला मी ही माझी जुनी वही काढली. छत्तीस वर्षं मोठ्या लाँड्रीत होते. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल. शाळा तिसरीपर्यंतच, पण आलेल्या कपड्यांची नोंद रोज करावी लागायची, म्हणून हात वळलेला आहे. डोकं किती वळलंय ते माहीत नाही.

दात कसे घासायचे ते तिने काल दाखवलं. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट. मग म्हणाली, "आई, घासून झालं की नुसतं थुंकायला लावा. चूळ भरू द्यायची नाही."

"म्हणजे पाणी द्यायचंच नाही?"

"नाही. थोडी पेस्ट दातांवर राहायला हवी. त्यात फ्लोराइड असतं, त्याने दात किडत नाहीत."

"साबण लावायचा आणि धुवायचं नाही?"

"आई, तो साबण नाहीये."

फेस येतो, वास येतो, घासल्यावर मळ निघतो, आणि साबण नाही. पहिल्याच दिवशी कोण तोंड उघडतं.

५ मार्च, बुधवार

भिंगरी दुपारी झोपली तेव्हा भिंगाने ती पेस्टची ट्यूब वाचली. अक्षरं मुंग्यांएवढी. अर्धा तास लागला. "गिळू नये." खाली लिहिलंय, सहा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावी. खाली अजून, जास्त पोटात गेल्यास डॉक्टरांकडे जावं. आणि एका कोपऱ्यात फ्लोराइड, हजार, पुढे मला न लागणारी तीन अक्षरं. हजार काय? थेंब? कण? एवढ्याशा ट्यूबमध्ये हजाराचं काय काम?

लाँड्रीत अशा सूचना धुण्याच्या औषधांच्या पिंपावर असायच्या. त्या न वाचता हात घालणारी आमची लांबडी. (उंच होती म्हणून लांबडी.) तिच्या हाताची कातडी कोपरापर्यंत निघाली होती, मोजा काढावा तशी. तेव्हापासून आमच्या मुकादमीणबाईंचा नियम, काहीही लावा, शेवटी तीन पाण्यांतून काढायचं. पहिलं पाणी फेस नेतं, दुसरं वास नेतं, आणि तिसरं दिसत नाही ते नेतं. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या चादरीवर झोपून एकाही आजाऱ्याला खाज सुटली नाही.

आणि इथे म्हणतात, पोरीच्या तोंडात राहू दे.

संध्याकाळी घासून झाल्यावर मी भिंगरीला तीन पाणी दिली. पहिलं तिने थुंकलं, दुसरं आरशावर उडवलं, तिसरं माझ्या अंगावर. तोंडाचा वास घेऊन बघितला. काही राहिलं नव्हतं. वहीत खूण केली. घासले होते, खोटं काय त्यात?

१६ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावरची शिंपीण आली होती, कात्री मागायला. शिंपिणीने माझ्याकडे कात्री मागायची! मी तिला पेस्टचं विचारलं. ती म्हणते, "दुधाच्या दातांना एवढं कशाला जपता? पडणारच आहेत ते." पाच मिनिटांनी म्हणते, तिच्या बहिणीच्या नातवाचे दात लहानपणीच किडले, गाल सुजला, चार रात्री घर झोपलं नाही. मी म्हटलं, मग जपायचे की नाही? म्हणते, "तेच तर कळत नाही." गेली कात्री घेऊन.

मुलाचा फोन आला, दर रविवारी येतोच. "आई, जमतंय ना?" म्हटलं, "पूल बांध तू."

८ एप्रिल, मंगळवार

भिंगरी पेस्ट गिळते. आज पकडली. घासता घासता जीभ फिरवते आणि गट्. गोड लागते म्हणे. थुंक म्हटलं तर हसते. ट्यूबवर काय लिहिलंय ते मला माहीत आहे, तिला नाही.

म्हणून सकाळची पेस्ट बंद केली. ब्रश नुसत्या पाण्याने चांगला घोटून फिरवते. मळ तर निघतो, मग झालं. संध्याकाळी वाटाण्याऐवजी नुसता ठिपका, आणि वर तीन पाणी. सूनबाईला सांगणार होते, पण ती आली तेव्हा पाय सुजलेले होते आणि खिडकीवर कोणीतरी तिला अद्वातद्वा बोललं होतं. सुजलेल्या पायांच्या माणसाशी वाद घालू नये.

ती आली की भिंगरी तिला चिकटते. मग बाटलीत दूध, त्यात चमचाभर साखर, आणि ती बाटली तोंडात धरून आईच्या कुशीत झोपायचं. साडेतीन वर्षांच्या घोडीला बाटली! मी एकदा म्हटलं. सूनबाई म्हणाली, "दिवसभर मी नसते, आई. एवढं तरी असू दे." दोघींचे डोळे मिटलेले असतात तेव्हा एकीचं तोंड दुसरीसारखंच दिसतं.

वहीत दोन्ही वेळच्या खुणा केल्या.

१८ मे, रविवार

आज उजेडात भिंगरीचे दात नीट बघितले. वरच्या समोरच्या दातांवर, हिरडीच्या जवळ, पांढरे पट्टे आलेत. बाकीचा दात नुसता पांढरा, आणि पट्टा खडूसारखा शुभ्र. माझी पाणी लागू पडली बहुतेक. हॉस्पिटलच्या चादरी अशाच व्हायच्या, पहिल्या धुण्यात नाही, दहाव्या-बाराव्या धुण्यात.

शिंपिणीला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, "अगंबाई, मोत्यासारखे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सूनबाईला दाखवायला गेले तर ती कपडे घडी करत उभ्या उभ्या डुलक्या काढत होती. तिच्या हातातून घड्या घेतल्या. तिला घड्या घालता येतच नाहीत म्हणा.

१० जून, मंगळवार

खालच्या मागच्या दाढेवर तपकिरी डाग आहे. मी फडक्याचं टोक ओलं करून घासलं. जात नाही. डागाची मला ओळख असते. चहाचा, गंजाचा, रक्ताचा, शाईचा, प्रत्येकाला वेगळं औषध. हा कसला ते कळेना. मी जोर लावला तर भिंगरी किंचाळली आणि माझ्या बोटाला चावली. दात चांगले आहेत एवढं कळलं.

पण चार दिवस झाले, ती एकाच बाजूने चावते. गार पाणी नको म्हणते. बिस्किट चोखून खाते. मी लाड समजत होते.

सूनबाईला सांगितलं. तिने मोबाइलचा दिवा लावून तोंडात बघितलं आणि लगेच दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

१३ जून, शुक्रवार

आज लिहायचं की नाही ते समजत नाही.

सूनबाईने रजा टाकली. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली कुलुपांचं दुकान. डॉक्टर म्हणजे एक तरणी बाई, तोंडाला फडकं, डोळे बोलके. भिंगरीला खुर्चीवर बसवून खुर्ची वर-खाली केली, तेवढ्यावर भिंगरी तिची झाली. मग तोंडात छोटा आरसा घातला आणि बाई गप्प झाली. डॉक्टर गप्प झालं की वाईट.

"खालच्या दाढेला भोक पडलंय, ती भरायला लागेल," ती म्हणाली. "आणि समोर हे पांढरे पट्टे बघा. किडायची ही सुरुवात असते. दातातला कस निघून गेला की तिथे असं खडूसारखं दिसतं."

मी म्हटलं, "पांढरे म्हणजे किडलेले?"

"हो, आजी. आधी पांढरे होतात, मग काळे."

आयुष्यभर पांढरं करण्यात गेलं माझं.

ती सूनबाईला विचारायला लागली. गोड किती खाते? फार नाही. झोपताना दूध? हो. बाटलीने? हो. साखर घालून? सूनबाईचा आवाज बारीक झाला. "हो. चमचाभर."

"पेस्ट फ्लोराइडची आहे ना? दोन वेळा घासता?"

"दोन्ही वेळा. या घासतात, माझ्या सासूबाई. रोज वहीत लिहितात." तिने मोबाइल काढून वहीच्या पानांचे फोटो दाखवले. फोटो काढून ठेवलेत तिने, डेपोत बसून बघायला. पानंच्या पानं खुणा, एकही जागा रिकामी नाही. डॉक्टरीण म्हणाली, "वा, आजी, एवढं कोणी करत नाही हो." आणि मग सूनबाईकडे वळून म्हणाली, "मग हे बाटलीचंच दिसतंय. रात्रभर दूध दातांवर राहतं. आजपासून बंद करा."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मी बोलले नाही.

पट्ट्यांवर डॉक्टरणीने ब्रशने काहीतरी पिवळं लावलं. म्हणाली, हे पण फ्लोराइडच, जास्त जोराचं. चार तास कडक काही खायला देऊ नका. धुवा म्हणाली नाही.

१५ जून, रविवार

मुलाचा फोन. सूनबाई फोन मोठ्याने लावते, हात मोकळे राहावेत म्हणून. तो तिला म्हणाला, "एवढी शिकलेली तू, तुला एवढं कळू नये? आई बिचारी दिवसभर राबते, आणि तू येऊन बाटली कोंबतेस तोंडात."

बिचारी म्हणे. मला उभ्या जन्मात कोणी बिचारी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते नेमकं आज.

सूनबाईने फोन ठेवला, बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते. शुक्रवारी कागद देते. माझी पोर आणि माझ्याच हाताने तिचे दात गेले. कशासाठी जाते मी त्या खिडकीत?"

तिला ती खिडकी आवडते. लोक शिव्या घालतात तरी आवडते. घरी येऊन सांगते, आज एका म्हाताऱ्याला बरोबर गाडीत बसवलं, आज एका बाईची चुकलेली मुलगी सापडली. ते सांगताना तिचा चेहरा वेगळा असतो.

मी म्हटलं, "घाई करू नकोस." एवढंच.

ब्रश करताना भिंगरीला आज वाटाण्याएवढी पेस्ट लावली, दोन्ही वेळा. पण पाणी? संध्याकाळी पेला हातात घेऊन उभीच राहिले. दिलं असतं तर चूक, नाही दिलं तर पोटात जातंय. शेवटी एक पाणी दिलं. तीनही नाही, शून्यही नाही. अशी अर्धवट मी कधी वागले नाही.

१७ जून, मंगळवार

भिंगरीला शिंपिणीकडे दोन तास ठेवून एकटी दवाखान्यात गेले. सूनबाईला सांगितलं नाही. बाकावर एक माणूस गाल धरून बसला होता, त्याने आपली जागा मला दिली. दुखत असताना माणूस एवढं चांगलं वागतो!

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तुम्ही एकट्याच?"

मी म्हटलं, "आमच्या शेजारणीचं विचारायचं होतं. तिला नात आहे."

"बरं."

"ती नातीचे दात घासते. पण मग तीन पाणी देते. पेस्ट पण कधी लावते, कधी नाही. गिळेल म्हणून. ट्यूबवर लिहिलंय तसं."

तिने तोंडावरचं फडकं खाली केलं. हसत नव्हती. "तुमच्या शेजारीण काय काम करायच्या?"

"लाँड्रीत होती."

"अच्छा. मग त्यांना असं सांगा. तोंडातले जंतू साखर खातात आणि आंबट सोडतात. ते आंबट दातातला कस थोडा थोडा काढून नेतं. आपली लाळ तो परत भरते, पण कच्चा. फ्लोराइड असलं की भरलेलं पक्कं बसतं. मात्र ते दातावर थांबायला हवं. पाण्याने धुतलं की गेलं."

"म्हणजे मळ काढायचं काम पेस्टचं नाहीच?"

"मळ ब्रशनेही निघतो. पेस्ट मागे ठेवून जाण्यासाठी असते."

मग कळलं. खळ! आम्ही खळ सगळ्यात शेवटी द्यायचो, धुणं संपल्यावर, कपडा ताठ राहावा म्हणून. खळ दिलेला कपडा कोणी परत पाण्यात घातला तर मुकादमीणबाई सगळ्यांसमोर फाडून खायची. मी तीन महिने भिंगरीच्या दातांना खळ द्यायची आणि लगेच धुऊन टाकायची. मला कोणी खळ म्हटलंच नाही. सगळे फ्लोराइड म्हणत राहिले.

"पण मग गिळू नये असं का लिहितात?"

"ट्यूबभर खाल्ली तर त्रास होतो, आणि रोज जास्त पोटात गेली तर पुढे येणाऱ्या दातांवर डाग पडू शकतात. म्हणून वाटाण्याएवढीच, मोठ्यांनी लावून द्यायची, आणि ट्यूब उंच ठेवायची. त्यातलं थोडं गिळलं तर काही होत नाही."

औषध पण आणि त्रास पण. वस्तू एकच, फरक फक्त मापाचा. हे लिहायला काय झालं होतं त्या ट्यूबवाल्यांना?

शेवटी मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. "मग त्या नातीचे दात कशाने गेले? बाटलीने की पाण्याने?"

"दोन्हीने, आजी. किती कशाने ते कोणालाच सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही."

मला वाटलं होतं डॉक्टर आहे, सांगेल. कपडा फाटला तर आम्हाला कळायचं, मशीनने फाडला की धुणारीने. दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, "शेजारणीला सांगा, घरी बोला. बाटली तर बंद झालीच आहे, पण पेस्टचं कोणाला माहीतच नसेल तर ते चालूच राहील."

१८ जून, बुधवार

सूनबाई जेवणाच्या टेबलावर राजीनामा लिहीत बसली होती. दोनदा फाडला. "आई, 'घरगुती कारणास्तव' लिहू की 'वैयक्तिक'?"

मी म्हटलं, "फरक काय?"

"वैयक्तिक म्हटलं की कोणी विचारत नाही."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भिंगरीने मीठ सांडलं आणि मला बरंच वाटलं. जमिनीवरचं मीठ एवढं नीट मी कधीच पुसलं नव्हतं.

काय सांगणार? मी केलं म्हणावं तर डॉक्टरीण म्हणते, ठरवता येत नाही. मी नाही केलं म्हणावं तर पोरगी नोकरी सोडतेय. जे मलाच नीट माहीत नाही ते कबूल कसं करायचं? पण एक माहीत आहे. खुणा मी केल्या.

१९ जून, गुरुवार

सांगितलं.

ती घरी आली, पाय धुऊन बसली. भिंगरी झोपली होती. मी म्हटलं, "उद्या तो कागद देऊ नकोस."

"माझं ठरलंय, आई."

"दात नुसते तुझ्या बाटलीने गेले नाहीत. माझ्यानेही गेले."

"आता माझी समजूत काढू नका. वहीत दिसतंय सगळं."

"वहीत खुणा आहेत. पेस्ट नव्हती."

तिला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. तीन पाणी, सकाळचा बिनपेस्टचा ब्रश, ठिपका. लांबडीचा हातही सांगितला, मग वाटलं तो कशाला सांगितला.

"किती दिवस?"

"पाणी पहिल्या आठवड्यापासून. सकाळची पेस्ट एप्रिलपासून बंद."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"दवाखान्यात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"होते."

"डॉक्टर बाटलीचं म्हणाल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, तुम्हाला माझी कीव आली."

मी हो म्हणू शकले असते. "कीव नव्हती," मी म्हटलं. "मी सुटले, असं वाटलं होतं."

ती उठून गॅलरीत गेली. मी भांडी घासली. परत आली आणि म्हणाली, "उद्यापासून दात मी घासणार. दोन्ही वेळा. तुम्ही ब्रशला हात लावायचा नाही." मग टेबलावरचा कागद उचलून पर्समध्ये टाकला. फाडला नाही. मी विचारलं नाही.

२२ जून, रविवार

कागद तिने दिला नाही. शुक्रवारी काही बोलली नाही, शनिवारीही नाही. आज उद्याच्या डब्याची भाजी चिरताना म्हणाली, "उद्या माझी सकाळची पाळी आहे," म्हणून कळलं.

मुलाच्या फोनवर मी आधी बोलले. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे आई, तुला माहीत नव्हतं."

मला राग आला. "बायकोला भाषण दिलंस आणि मला असू दे? तिलाही माहीत नव्हतं. फोन देते तिला, आधी तिच्याशी नीट बोल."

तो काय बोलला ते ऐकलं नाही. सूनबाई फोन कानाला लावून गॅलरीत गेली. पहिल्यांदाच मोठ्याने लावला नाही.

२७ जून, शुक्रवार

दाढ भरली. भिंगरी सूनबाईच्या मांडीवर, मी बाहेर बाकावर. आत भिंगरीचा आवाज चढला की मी उठायची, खाली आला की बसायची. बाकावरच्या बाईने विचारलं, "तुमचं पण दुखतंय का?"

१४ ऑगस्ट, गुरुवार

तपासणी. दोन पट्ट्यांवर चकाकी आली आहे, म्हणजे तिथे कस भरला. तिसरा तसाच. मी विचारलं, "हा का नाही भरला?" डॉक्टरीण म्हणाली, "बघू अजून." डॉक्टर लोकांना एक ठाम वाक्य बोलता येत नाही.

सूनबाई सकाळी निघण्याआधी घासते आणि आल्यावर घासते. भिंगरी थुंकते, पाणी नाही. ट्यूब कपाटाच्या वर. मी स्वयंपाकघरातून ऐकते. वहीत दाताच्या रकान्यात आता सूनबाईच्या खुणा असतात. मी फक्त खाणं आणि झोप लिहिते. तरी घरी आली की ती आधी भिंगरीला "आ कर" म्हणते, दिव्याखाली नेऊन दाताचा कोपरान् कोपरा बघते, वास घेते. मी दिवसभरात काही केलं का ते शोधते. मला राग येतो. राग यायचा माझा हक्क आहे का, ते कळत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी सातला सूनबाईचा फोन. डेपोत दोन गाड्या बंद पडल्या आहेत, खिडकीवर रांग आहे, साडेनऊ होतील. "भिंगरीला झोपवा, आई."

"आणि दात?"

तिकडे लोकांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी ओरडत होतं, सहाची गाडी कुठे आहे. तिने त्याला सांगितलं, "दोन मिनिटं काका." मग मला म्हणाली, "तुम्ही घासा."

स्टूल ओढून ट्यूब काढली. वाटाणा केला, तो मोठा झाला म्हणून बोटाने कमी केला, मग लहान झाला म्हणून पुन्हा घेतला. भिंगरी म्हणाली, "आजी, आई एवढा वेळ नाही लावत." घासलं. मागच्या दाढा, आतल्या बाजू. "थुंक." थुंकली. "अजून." थुंकली.

मग तिने हात पुढे केला. "पाणी."

"नाही."

"तू तर देतेस."

"आता नाही देत."

"का?"

म्हटलं, "खळ आहे ती." तिला कळलं नाही, मलाही ते धड सांगता येईना. ती रडायच्या बेतात आली. मी नळाकडे पाठ करून दरवाजात उभी राहिले. आत कुठेतरी अजूनही वाटत होतं, पोरीच्या तोंडात काहीतरी राहिलंय, काढ ते. छत्तीस वर्षं म्हणत होती, काढ. मी काढलं नाही. पाच मिनिटांनी भिंगरी पाणी विसरली आणि झोपली.

सूनबाई पावणेदहाला आली. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. दारातच विचारलं, "घासले?"

"घासले."

भिंगरी पलंगावर होती, तोंड अर्धवट उघडं. सूनबाई तिच्याजवळ गेली, पांघरूण सारखं केलं. दिवा लावला नाही, वास घेतला नाही. "फार भूक लागलीय, आई," म्हणाली आणि हात धुवायला गेली.